सिंहाचं वेळापत्रक

माझ्या नणंदेच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात झालं आणि त्या आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. जेऊरजवळ त्यांची केळीची बाग आहे. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सांगलीकडे गेली. बाग, पाणी, गडीमाणसं, केळी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्यांशी भांडणं, सगळं त्या एकट्या बघतात. आम्ही दोघी एकाच वयाच्या, पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढे आलेल्या. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वैनी. अहो-जाहो दोन्हीकडून, आणि थट्टाही दोन्हीकडून.

दोन वर्षं त्यांना सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. पण त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. केळीच्या घडावरचे डाग दिसेनासे झाले, व्यापारी फसवायला लागले, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. घरात माझा नवरा टीव्ही लावून सोफ्यावर झोपला होता. टीव्हीवर जनावरांचं काहीतरी चाललं होतं. मातकट पाण्याची मोठी नदी, आणि तिच्यात हजारो जनावरं धडाधड उड्या टाकताहेत. धूळ, शिंगं, शेपट्या, वर निळंभोर आकाश.

वन्सं दारातच थांबल्या. त्यांनी काळा चष्मा काढला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "वैनी, ह्यो निळा रंग बगा की. आभाळ असं असतंय व्हय?"

"चष्मा घाला आधी."

"थांबा वो. ह्या कसल्या म्हशी म्हनायच्या? दाढी हाय त्यास्नी."

"म्हशी नाहीत त्या. विल्डबीस्ट म्हणतात."

"दाढीवाल्या म्हशीच की." त्या चपला न काढता टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. एक जनावर घसरलं, बुडालं, पुन्हा वर आलं आणि पलीकडच्या काठावर चढलं. वन्संनी टाळी वाजवली. "हे कुटं हाय?"

"आफ्रिकेत. केनियात."

"लई लांब?"

"मुंबईहून विमानानं सहा-एक तास."

"म्हंजे जेऊरासनं मुंबईला जायाला लागतो तेवडाच येळ की!" त्या माझ्याकडे वळल्या. उजवा डोळा लाल होता आणि चमकत होता. "जाऊ या की."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"डोळा नवा केलाय वैनी. त्याला काय निसती केळीच दावायची?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते. परदेशातल्या नद्या, डोंगर, शहरं यांच्यावरचे धडे वर्षानुवर्षं शिकवलेत. कधीतरी नवऱ्याच्या बरोबरीनं हौसेनं काढलेला माझा पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली कोरा करकरीत पडला होता. मी कपाट उघडून तो बाहेर काढला आणि त्याची मुदत बघितली.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं, "वन्संना आणि मला सफारीला जायचंय."

"सफारी?" त्यानं आमटीचा भुरका मधेच थांबवला.

"दादा, तुज्या लग्नातली ती सफारी न्हवं," वन्सं म्हणाल्या. "जनावरं बगायची सफारी."

आता झालं काय, की नवऱ्याची लग्नातली सफारी खरोखर अजून घरात होती. राखी रंगाची, चार खिशांची. तिचा विषय निघाल्यावर त्याला राहवेना. हात धुऊन तो आत गेला आणि ती अंगावर चढवूनच बाहेर आला. चढवून म्हणजे बाह्यांपर्यंत. पुढची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. खिशातून एक जुनी अक्षता निघाली. वन्सं हसायला लागल्या, मी हसायला लागले, आणि मग वन्सं एका हातानं डोळा धरून ओरडायला लागल्या, "नका हसवू! डॉक्टरनं धक्का बसू द्यायचा न्हाय म्हनलंय!" त्यानं आणखीच हसू यायला लागलं. शेवटी त्यांना पाटावर बसवून, तोंड भिंतीकडे करून शांत करावं लागलं.

नवरा म्हणाला, "मी काही येणार नाही. घर कोण बघणार? आणि विमानात खिडकी उघडत नाही. पण तुमचं नियोजन मी करतो. तुमच्यावर सोडलं तर तुम्ही दोघी विमानाऐवजी टेंभुर्णीच्या एसटीत बसाल."

नवरा नुकताच रेल्वेतून निवृत्त झाला होता. सगळी नोकरी त्यानं वेळापत्रकाच्या कामात काढली. कुठली गाडी कुठल्या स्टेशनवर किती वाजता येणार, कुणासाठी कोण थांबणार, हेच त्याच्या डोक्यात. निवृत्तीनंतर त्याचा सगळा जोर घरावर आला होता. दूध उशिरा आलं तरी तो दूधवाल्याला कारण विचारायचा. त्यामुळे हे नवं काम मिळताच तो दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन मोठा कार्डशीट, लांब पट्टी आणि तीन रंगांची पेनं घेऊन आला.

संध्याकाळपर्यंत जेवणाच्या टेबलावर आफ्रिका आखून झाली होती. ०६.१० सिंह. ०७.०० न्याहारी. ०८.२५ हत्ती आगमन, ०८.४० हत्ती प्रस्थान. जिराफाला दोन मिनिटांचा थांबा. पाणघोडे दुपारच्या सत्रात.

मी म्हटलं, "अहो, सिंह सहा दहाला नाही आला तर?"

"तर विलंबाचं कारण लिहायचं."

"आन् सिंव्ह लेट झाला," वन्संनी विचारलं, "तर हत्तीला कुटं हुबा करायचा? सायडिंगला?"

नवऱ्यानं पेनाचं टोपण तोंडात धरून खरोखर विचार केला. "मार्ग एकेरी आहे का दुहेरी, त्यावर आहे ते," तो म्हणाला.

आमच्या कॉलनीतलं एक डॉक्टर जोडपं आदल्या वर्षी केनियाला जाऊन आलं होतं. त्यांनी नैरोबीतल्या एका माणसाचा नंबर दिला. त्याच्या स्वतःच्या दोन-तीन जीपगाड्या होत्या आणि तो स्वतःच प्रवाशांना घेऊन रानात जायचा. रविवारी दुपारी आम्ही त्याला व्हिडिओ कॉल लावला. टेबलावर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि त्याच्यासमोर आम्ही तिघं फोटो काढायला बसल्यासारखे बसलो. वन्संनी पदर नीट केला.

फोनवर एक गोल, हसरा चेहरा आला. "केम छो!" तो मोठ्यानं म्हणाला.

"काय म्हनतोय?" वन्संनी हळूच विचारलं.

"गुजराती बोलतोय. तिकडे गुजराती दुकानदार खूप, त्यांच्याकडून शिकला असेल. बरं आहे ना, म्हणतोय."

"बरं हाय, बरं हाय!" वन्सं फोनमध्ये ओरडल्या. "तुमचं कसं हाय?"

त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो इतका मनापासून हसला की पुढची सगळी बोलणी सोपी झाली. त्याच्या हातात कप होता. मी इंग्रजीतून विचारलं, कॉफी घेताय का? तो म्हणाला, "चाय."

"चाय?" वन्सं ताठ झाल्या. "चाच की ह्यो. साखर घालत्यात का इचारा."

तिथल्या स्वाहिली भाषेत साखरेला सुकारी म्हणतात. दुकानाला दुका. गाडीला गारी. चपातीला चपातीच. दर शब्दागणिक वन्संचा आवाज चढत गेला आणि त्याचाही. ते दोघं एकमेकांना एकेक शब्द फेकून मारत होते आणि जुळला की दोघंही टाळ्या पिटत होते. दहा मिनिटं मला कुणी काही विचारलंच नाही. वन्संनी त्याचं नाव ठेवलं नैरोबीभाऊ, आणि तेच पुढे घरात चालू झालं.

मग नवऱ्यानं कार्डशीट कॅमेऱ्यासमोर धरला. नैरोबीभाऊनं चष्मा लावला. तो बराच वेळ गंभीरपणे बघत राहिला. मग स्क्रीनवर एकदम त्याच्या घराचं छत दिसायला लागलं, कारण फोन त्याच्या हातातून पडला होता. छताकडून त्याचं हसणं ऐकू येत होतं.

"पोले पोले, म्झे," परत दिसल्यावर तो म्हणाला. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस, आणि पोले पोले म्हणजे हळूहळू, असं त्यानंच सांगितलं.

नवरा जरा दुखावला. त्यानं एका आठवड्यात तीन अभयारण्यं, दोन तलाव आणि शेजारच्या देशातलं एक विवर बसवलं होतं, तेही कुठे गाडी चुकू न देता. नैरोबीभाऊ म्हणाला, "असं केलं तर तुम्हाला आमचे डांबरी रस्ते छान बघायला मिळतील. जनावरं नाही." तुम्हाला सगळ्यात जास्त काय बघायचंय ते सांगा, बाकीचं खोडा, असं त्याचं म्हणणं.

"दाढीवाल्या म्हशी नदी जितं वलांडत्यात," वन्सं म्हणाल्या, "तितं जाऊन बसायचं."

मला तलावावरचे गुलाबी पक्षी बघायचे होते, हजारो फ्लेमिंगो. मी तसं म्हटलं.

"ते तर आमच्या उजनीच्या पाण्यात हायत की!" वन्सं म्हणाल्या. "बागंपासनं अर्ध्या तासावर. थंडीत येत्यात दरसाल. त्यास्नी बगाया इमानात कशाला बसायचं? मी दावते तुमाला फुकाट."

मी हे इंग्रजीत करून सांगितलं. नैरोबीभाऊनं, तुमच्याकडे घराजवळ फ्लेमिंगो आहेत, असं तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि तलाव खोडायला सांगितला. दुसरा देश खोडला, कारण त्याचा व्हिसा वेगळा. मी हट्टानं एक गोष्ट मात्र ठेवली, बर्फाच्या डोंगराखालून चालणारे हत्ती. ते आधी, आणि मग चार दिवस नदीकाठी. सप्टेंबर महिना, कारण तोवर वन्संचा दुसरा डोळाही झालेला असेल आणि कळपही नदीच्या आसपास असतील.

"असतील म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं. "नक्की कधी ओलांडतात?"

नैरोबीभाऊ म्हणाला, ते कुणालाच माहीत नसतं. येतात, काठावर उभे राहतात, पाण्याकडे बघतात, आणि कधीकधी सगळेच्या सगळे परत फिरतात. परत येतात, परत उभे राहतात.

"कळलं," वन्सं म्हणाल्या. "आमच्या पावन्यांसारकं हाय. निगतो निगतो म्हनत्यात आन् दारात तासभर."

कॉल संपल्यावर नवरा कार्डशीटसमोर बसून राहिला. अर्ध्या चौकटी खोडलेल्या, उरलेल्या रिकाम्या. "चार दिवस एकाच ठिकाणी," तो म्हणाला. "इथे लिहू काय?"

"लिव की," वन्सं म्हणाल्या, "म्हशींची वाट बगनं."

त्यानं तसंच लिहिलं, हिरव्या पेनानं, चारही चौकटींतून एक लांब रेघ मारून.

पासपोर्टचा अर्ज भरून वन्सं जेऊरला परत गेल्या. आमचे रोज फोन व्हायचे. तिथे थंडी किती, सिंहाच्या गाडीत डबा उघडला तर चालतं का, रानात बाई माणसानं मोकळं व्हायला कुठे जायचं, असले प्रश्न. शाळेत मुलींच्या वह्या तपासताना मला मधेच हसू फुटायचं. बाकीच्या शिक्षिका माझ्याकडे बघायच्या.

आणि मग एक दिवस फोनवर त्यांचा आवाज बारीक झालेला होता.

"वैनी, नको जाऊ या."

"का?"

"असंच. ऱ्हाऊ द्या."

मी आणखी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला. शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारची गाडी पकडून मी जेऊरला उतरले आणि तिथून बागेत गेले. वन्सं पंपाच्या खोलीपाशी, केळीच्या सावलीत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बसायला पोतं पुढं केलं.

गावात कळलं होतं. कुणी म्हणालं, बाईमाणूस, या वयात, मागंपुढं कुणी न्हाय, आणि परदेशात? कुणी म्हणालं, लोकं काशीला जातात, ही जनावरं बघायला चालली. भावकीतल्या एका बाईनं तर तोंडावर विचारलं होतं, की धनी गेल्यावर एवढी हौस येती कुठून?

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? चा दिला." त्यांनी खाली पडलेलं एक वाळकं पान उचलून त्याच्या पट्ट्या फाडायला सुरुवात केली. "दोन वर्सं मला धड दिसत न्हवतं वैनी. चूल फुकताना हात भाजायचा. तवा कुनी इचारलं न्हाय, की बाई तुजं कसं चाललंय. आता दिसाय लागलंय, तर सगळी इचाराय लागली."

मी गावातल्या लोकांना ओळखत नव्हते आणि त्यांच्यात मला राहायचंही नव्हतं. राहायचं वन्संना होतं. पाटात पाणी चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तेवढं सांगा," मी शेवटी म्हटलं. "नको असेल तर मी उद्याच नैरोबीभाऊला कळवते."

त्यांनी पानाची शेवटची पट्टी फाडली.

"मला त्या म्हशी बगायच्या हायत," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "लई बगायच्या हायत वो. सपनात येत्यात. परवा सपनात त्या आपल्या बागंत घुसल्या आन् दादा त्यास्नी तिकीट इचारत हुता."

आम्ही दोघी इतक्या हसलो की पंपावरचा गडी काय झालं बघायला आला. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चला, केळी घेऊन जावा. आन् साडीचं बगा. सिंव्हाला दिसू न्हाय असली पायजे."

साडीचा प्रश्न खराच होता. नैरोबीभाऊनं सांगितलं होतं, भडक रंग नकोत, निळा आणि काळा तर नकोच, त्या रंगांवर तिथल्या चावऱ्या माशा बसतात. मातीचे, वाळल्या गवताचे रंग घाला. मी दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकले. वन्सं साडी सोडायला तयार नव्हत्या. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांना दाखवायला आल्या, तेव्हा आम्ही चाटी गल्लीतल्या कापडबाजारात गेलो.

दुकानदारानं गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि कुठला रंग दाखवू म्हणून विचारलं.

"मातकट," वन्सं म्हणाल्या.

त्यानं मोरपंखी काढली. मग अंजिरी. मग केशरी काठाची पोपटी.

"मातकट म्हनलं मी. वाळल्या कडब्यासारकी."

"ताई, सणाला पाहिजे का घरात?"

"सिंव्हाम्होरं नेसायची हाय."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो गिऱ्हाईक देव असतो या चेहऱ्यानं उठून अगदी मागच्या कप्प्यातून एक गठ्ठा काढून आणला. बरीच वर्षं कुणी हात न लावलेल्या साड्या. त्यातली एक अगदी नांगरलेल्या मुरमाड रानाच्या रंगाची होती. वन्सं ती खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहिल्या, मग भिंतीला टेकल्या, श्वास रोखला आणि डोळे मिटले.

"दिसते का वो मी?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," दुकानदार म्हणाला, आणि गादीवर आडवा होऊन हसायला लागला.

साडीवरून घालायला त्यांनी शेतात वापरतात तोच पुरुषी शर्ट ठरवला, खाकी, लांब बाह्यांचा. तो घालून त्या आमच्या हॉलमध्ये दुर्बीण लावून फिरल्या तेव्हा माझी खात्री पटली, की जगातल्या कुठल्याही सफारीच्या कपड्यांत याहून सोयीचं काही नसणार.

दुसरा डोळाही नीट झाला. ऑगस्ट उजाडला. नवऱ्याच्या मनातून मात्र वेळापत्रक गेलं नव्हतं. तो म्हणाला, प्रत्यक्ष जाण्याआधी सराव व्हायला हवा. म्हणून एका रविवारी पहाटे आम्ही आमच्या छोट्या गाडीतून नान्नजच्या माळरानावर काळविटं बघायला निघालो. वन्सं शर्ट आणि मातकट साडीत. मागच्या सीटवर कडक भाकरी, शेंगाची चटणी, थर्मास. नवऱ्यानं एका कागदावर लिहून घेतलं होतं, ०६.४० काळवीट.

सहा चाळीस झाले. माळावर वारा सोडून काही नव्हतं. सात झाले. नवऱ्यानं घड्याळ बघितलं, कागद बघितला, पुन्हा घड्याळ. एक टिटवी ओरडून गेली. वन्सं म्हणाल्या, "हीच वाट बगायची सवय करायची हाय दादा. खा." आम्ही भाकरी मोडून खायला लागलो. ऊन वर चढलं. गाडीत चटणीचा वास भरला. नवऱ्यानं घड्याळ बघणं सोडलं. मला वाटलं रागावलाय, पण तो काचेतून बाहेर बघत होता.

मग गवतातून दोन कान वर आले. एक मादी चालत रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. तिच्या मागे दुसरी. मग पीळदार शिंगांचा, काळा-पांढरा, एखाद्या लग्नातल्या वरबापाच्या ऐटीत एक नर. आणि मग काय झालं कळलं नाही, कदाचित कुणी कुठे पाऊल टाकलं असेल, सगळा कळप एकदम उधळला. गाडीच्या अगदी पुढून, एकामागून एक, त्यांनी कच्च्या रस्त्यावरून उड्या मारल्या. पाय जमिनीला लागतच नव्हते. वन्संनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. सगळे गेले, धूळ खाली बसली, आणि शेवटचं एक पाडस मागून धावत आलं, अडखळलं, उडी मारून निघून गेलं.



"दादा," वन्सं हळूच म्हणाल्या, "टाइम काय झाला? लिवून घे की."

नवऱ्याच्या हातात पेन होतं, तोंड उघडं होतं. त्यानं घड्याळाकडे बघितलंच नाही. "कुणास ठाऊक," तो म्हणाला.

परतताना शहराची घरं दिसायला लागली तेव्हा तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या माणसाच्या जीपमध्ये तिसरी जागा आहे का, विचारून ठेव."

आम्ही दोघी अशा ओरडलो की शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवली. "मी गाडी चालवतोय," नवरा म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

उरलेले दिवस कसे गेले सांगता येत नाही. पुण्याला जाऊन तिघांनी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. डॉक्टरांनी नवऱ्याला वयामुळे जरा जास्त प्रश्न विचारले, आणि त्यानं प्रत्येकाचं उत्तर दोन-दोनदा दिलं. हत्तींकडून नदीकडे छोट्या विमानानं जायचं होतं, त्यात कडक पेटी चालत नाही, मऊ पिशव्याच लागतात. "पेटी मऊ पायजे," वन्सं म्हणाल्या, "पन भाकरी कडक चालंल का, तेवडं इचारा." नैरोबीभाऊ म्हणाला, भाकरी चालेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र त्यांच्या देशात बंद आहेत. म्हणून चटणी स्टीलच्या डब्यात भरली आणि भाकऱ्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या.

आम्ही गेलो. हत्ती भेटले, डोंगराचा बर्फ एका सकाळी ढगातून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. नदीवर दोन दिवस कळप येऊन उभे राहिले, पाण्याकडे बघून परत गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये भाकरी मोडत असताना पहिल्या जनावरानं पाण्यात उडी टाकली आणि मग किती वेळ काय चाललं होतं ते आम्हा तिघांनाही अजून नीट सांगता येत नाही. वन्सं जीपच्या उघड्या छतातून उभ्या राहून "हो, हो, चल, चल, चढ माज्या बाई!" असं बैल हाकताना ओरडतात तसं ओरडत होत्या. शेजारच्या गाड्यांतले गोरे लोक नदी सोडून त्यांचेच फोटो काढायला लागले. नवरा चटणीचा डबा उघडा धरून उभा होता. अर्धी चटणी केनियाच्या वाऱ्यानं नेली.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. आमचे तंबू रानातच होते, आणि सूर्य मावळल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंतही एकट्यानं चालायला बंदी होती. लाल चादर पांघरलेला, हातात काठी घेतलेला एक उंच मसाई रखवालदार न्यायला यायचा. मसाई म्हणजे तिथली गुरं पाळणारी माणसं. त्या संध्याकाळी तो आम्हाला न्यायला आला आणि वाटेत त्यानं इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे गाई आहेत का?

मी वन्संना सांगितलं. त्या तिथेच थांबल्या. शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि आपल्या खिलारी बैलांचा फोटो उघडला. पांढरेशुभ्र, उंच, लांब मागे झुकलेल्या शिंगांचे दोघं, पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवून, झूल घालून उभे.

रखवालदारानं फोन दोन्ही हातांत धरला आणि जवळ नेला. शिंगांवर बोट ठेवलं. मग अंधुक उजेडात तोंडाशी हात धरून त्यानं लांब हाक मारली. तंबूंमागून आणखी दोघं आले. मग स्वयंपाकघरातून एक. चौघंही त्या फोनवर वाकले, आपसात काहीतरी बोलायला लागले, एकानं शीळ घातली.

"काय म्हनत्यात?" वन्संनी मला विचारलं.

मी विचारलं. रखवालदार म्हणाला, "आम्ही म्हणतोय, इतकी सुंदर शिंगं आम्ही कधी बघितली नाहीत. या बाईंना विचारा, विकणार का?"

मी ते मराठीत सांगितलं. वन्संनी पदर खोचला, चौघांकडे एकेक करून बघितलं आणि बाजारात म्हणतात तसं म्हणाल्या, "जोडी न्हाय इकायची. पन बगाया या म्हनावं. जेऊरला उतरायचं आन् केळीच्या बागंत कोनालाबी इचारायचं." मग नवऱ्याकडे वळून, "दादा, ह्यास्नी जेऊरला थांबनाऱ्या गाड्या लिवून दे की."

नवऱ्यानं खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून रखवालदारानं हात पुढे केला, आणि त्या मंद उजेडात माझा नवरा त्याच्या तळहातावर, काळजीपूर्वक, गाड्यांच्या वेळा लिहायला लागला.